रंगनाथी सुरी

चिंचदऱ्याच्या रंगनाथ लोहाराला ट्रक फार आवडायचे. चालते नव्हेत, बसकलेले. चंदनापुरीच्या घाटात एखादा ट्रक कमान मोडून पडल्याची खबर आली, की हा गडी भट्टीतला फाळ भट्टीतच ठेवून निघालाच. चार कोस पायी जायचं, ड्रायव्हरला तंबाखू मळून द्यायची, त्याच्या मालकाला दोन शिव्या घालायच्या आणि मग हळूच विचारायचं, "मंग पावनं, ह्यो कमानीचा मोडका पाटा तुमी घिऊन तरी कुठं जानार?"

पाटा मिळाला की तो खांद्यावर टाकून असा गावात शिरायचा, जसा काही सासुरवाडीची पहिली दिवाळी करून आला. दारात त्याची बायको मुक्ताबाई कमरेवर हात ठेवून उभीच असायची.

"आली का सवत?"

"आली. चांगली दनकट हाय."

"मंग तिलाच सांगा घन मारायला."

पण घण मुक्ताबाईच मारायची. आमच्या पठारावर लोहाराचा घण लोहारणीच्या हातात असतो. तो ऐरणीपाशी बसून सांडशीत तापलेलं लोखंड धरणार, बारक्या हातोडीनं 'इथं' म्हणून टिचकी मारणार, आणि ती उभ्यानं नेमका तिथंच घण घालणार. मुक्ताबाईचा घण चुकलेला कुणी पाहिला नाही. तिचं तोंडही चुकायचं नाही.

ही गोष्ट बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधल्या सालची. रंगनाथ तेव्हा पंचेचाळिशीला आला असेल. अंगानं वाळका, हात मात्र मनगटापासून पुढं दुसऱ्याच कुणाचे तरी लावल्यासारखे जाड. भुवया भट्टीच्या झळीनं कायमच्या गेलेल्या, त्यामुळं चेहरा बघावं तेव्हा चकित झालेला. गावकीचं काम त्याच्याकडं होतं. नांगराचे झिजलेले फाळ तापवून, ठोकून शेवटायचे, कुदळींना टोकं काढायची, विळे-खुरपी पाजळायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन पाटीभर दाणे आणायचे. हे तो चोख करायचा, पण जांभया देत करायचा. त्याचा जीव सुरीत होता.

सुरी म्हणजे रानातली. मुठीसकट एक वीत, पातं जेमतेम पाच बोटं. मिटायची भानगड नाही. पात्याची शेपटी मुठीच्या आरपार काढून मागं ठोकलेली, मूठ बाभळीच्या गाभ्याची, आत लाख ओतून बसवलेली. धनगर तिला रंगनाथी म्हणायचे. पायातला काटा काढा, शेरडाला डहाळी छाटा, गुंतलेला दोर कापा, मेंढराचं वाढलेलं खूर तासा आणि दुपारी त्याच पात्यानं कांदा चिरून भाकरीवर घ्या. मधे एकदा धोतराला पुसली की झालं.

ट्रकच्या पाट्याचा तुकडा तापवून, ताणून, कानशीनं घासून तो पातं करायचा. लाल झालेलं पातं करडीच्या तेलात बुडवायचा आणि पुन्हा मंद निखाऱ्यावर धरून त्याच्यावर गव्हाच्या काडीचा रंग चढेपर्यंत श्वास रोखून बसायचा. त्या घडीला कुणी बोललेलं खपत नसे. एकदा त्याच वेळी सासरा दारात येऊन 'राम राम' म्हणाला. उत्तर मिळालं नाही. म्हातारा दोन वर्षं लेकीच्या घरी फिरकला नाही.

धार मात्र एकाच अंगाला. पात्याचं डावं अंग सपाट, उजव्या अंगाला उतार. दोन्ही अंगांनी उतार दिलेलं पातं खुरावर घसरतं. एकाच अंगाचं पातं कांद्याच्या सालीगत पापुद्रा उचलत जातं. हे त्यानं बापाकडून उचललं होतं आणि बापानं त्याच्या बापाकडून.

सुरी गावकीच्या कामात येत नव्हती. ज्याला पाहिजे त्यानं तीन रात्री आपली मेंढरं रंगनाथाच्या वावरात बसवायची. लेंड्या पडल्या, फिटंफाट झाली. मागायला आलेल्याला तो ऐरणीपाशी बसवायचा, त्याच्या उजव्या मुठीला सुतळी गुंडाळून माप घ्यायचा आणि त्या मापानं मूठ तासायचा. तयार सुरी हातात द्यायची नाही, हातोहात दिलेल्या पात्यानं भांडण लागतं. ती ऐरणीवर ठेवायची. घेणाऱ्यानं ऐरणीच्या पाया पडून उजव्या हातानं उचलायची. ऐरण म्हणजे देव. देवापुढं डावा हात कोण काढणार?

त्या साली बिरोबाच्या जत्रेत कुठलासा चाकूवाला आला. पेटीत मिटायचे चाकू, लाल-हिरव्या मुठींचे, आरशासारखे चकाकणारे. धनगर पोरं त्याच्याभोवती जमली. एकानं त्याला कमरेची रंगनाथी दाखवली. चाकूवाल्यानं ती दोन बोटांत धरून हुंगल्यासारखी केली.

"ह्ये काय? खिळ्याला मूठ लावलीय का? असला माल आज घ्यायचा आन उद्या परत नेऊन टाकायचा."

रंगनाथ शेजारीच शेवचिवडा खात बसला होता. पुडी तशीच हातात घेऊन तो उठला, तडक देवळात शिरला आणि भंडाऱ्याची मूठ भरून बाहेर आला.

"ऐका रं समदे! बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो. माजी एक सुरी, एकच, नापास हून ऐरनीवर परत आली, तर त्या दिसापास्नं मी सुरी घडवनार न्हाई. निस्ते फाळ शेवटीत मरीन."

बायकांतून मुक्ताबाईचा आवाज आला, "भंडारा सांबाळून. धोतर पिवळं हुतंय, मलाच धुवावं लागतंय."

लोक हसले, पण गावचे पाटील, कारभारी पाटील, हसले नाहीत. साठीचा माणूस, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "रंगनाथा, आमी ऐकलं. देवानंबी ऐकलं."

श्रावणाच्या तोंडाला राहीबाई आली. गोरक्ष धनगराची बायको, तिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला भित्री आणि चालायला वाऱ्यासारखी. मोठी मेंढरं गोरक्ष राखायचा, कोकरं आणि लंगडी-पांगळी हिच्याकडं. पावसाळ्यात चिखलानं खुरं मऊ पडतात, वाढून आत वळतात, वेळेवर तासली नाहीत तर जनावर लंगडतं.

"दादा, मला सुरी पायजे. त्यांची त्यांच्या कमरंला आसती, आन मला लागती तवा ते दोन डोंगर पल्याड आसत्यात."

रंगनाथाला आनंद झाला. बाईमाणसानं सुरी मागितली नव्हती आजवर. त्यानं तिची उजवी मूठ मापली, नेहमीपेक्षा बारीक मूठ तासली, तिच्यावर बोटं बसायला तीन खाचा काढल्या. मुक्ताबाई म्हणाली, "मला हातातल्या घनाला खाचा करून दिल्या न्हाईत कदी." पण तीही खूश होती. राहीबाईनं ऐरणीच्या पाया पडून उजव्या हातानं सुरी उचलली, पदराखाली खोचली आणि गेली. तीन रात्री मेंढरं वावरात बसली. सगळं रीतीनं झालं.

पंधरा दिवसांनी बाजाराचा वार होता. भट्टीपुढं दहा-बारा माणसं आपापली अवजारं घेऊन बसलेली. कारभारी पाटीलही कुऱ्हाड घेऊन आले होते. तेवढ्यात साळूबाई आली. राहीबाईची सासू. उंच, हाडाची, कपाळावर मळवट. ती आली की कुत्री आधी उठून बाजूला व्हायची. तिनं कनवटीची सुरी काढली आणि ऐरणीवर खण्णकन टाकली.

"ही घे तुजी रंगनाथी! सुरी हाय का सुळा? तीन कोकरांची खुरं रगताळली. खुराला लावली की आत घुसती, पार जिवाळीला जाती."

भाता थांबला. रंगनाथानं सुरी उचलली, उजेडात धरली, अंगठ्यानं धार बघितली. बाभळीची एक वाळकी खुंटी घेऊन त्यानं पातं चालवलं. एकसारखी पातळ साल वळत-वळत खाली पडली.

"ह्ये बघ, साळूबाई."

"लाकडाचं काय सांगतूस? लाकूड वरडतंय व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, शपथ."

"व्हय रं, शपथ," दुसरा म्हणाला.

रंगनाथाच्या तोंडावर भुवया नव्हत्या, म्हणून तो चकितच दिसत होता. पण ओठ पांढरे पडले होते. कारभारी पाटील खाकरले.

"आज बुधवार. रविवारी बिरोबापुढं बसू. तवर खोट कुठं हाय ती हुडकून काढ. न्हाई निघाली, तर सुरी सुटली तुजी."

त्या दिवशी रंगनाथ जेवला नाही. त्यानं सुरी दगडावर पुन्हा पाजळली, शेजारच्या मेंढीचं खूर तासून बघितलं. झकास तासलं. मुक्ताबाईनं तासून बघितलं. झकास.

"सुरी चांगली हाय," मुक्ताबाई म्हणाली. "म्हातारी खोटी हाय."

"कोकरांची खुरं रगताळली ती बी खोटी व्हय? मी बघून आलो. तीन कोकरं लंगडत्यात."

"मंग सोडा सुरी. फाळ काय वाईट हायेत? दाने फाळानंच मिळत्यात."

रंगनाथानं तिच्याकडं असं बघितलं, की मुक्ताबाई उठून भाकरी थापायला गेली. तिला ठाऊक होतं, फाळ शेवटणारा रंगनाथ आणि पात्यावर काडीचा रंग यायची वाट बघणारा रंगनाथ, ही दोन माणसं होती. पहिला घरात नुसता वावरायचा. दुसरा संध्याकाळी गुणगुणायचा.

शुक्रवारी सकाळी तो सुरी घेऊन माळावर गेला. राहीबाई करवंदीच्या जाळ्यांच्या अंगाला कोकरं चारत होती. लोहाराला बघून तिचा चेहरा उतरला.

"दादा, मी न्हाई सांगितलं आत्याबाईंना सुरी परत न्यायला. त्यांनी खुरं बघितली आन माज्या कमरंची वढून घितली."

"तुला बोल लावायला न्हाई आलो. एक खूर तासून दाव."

तिनं एक कोकरू धरलं, मांडीवर उलटं घेतलं आणि उजव्या हातात सुरी धरून तासायला लागली. पातं बरोबर चालत होतं. रक्त नाही, काही नाही. पण तिचा हात बघून रंगनाथाला काहीतरी खटकलं. नव्या सुनेनं अनोळखी घरात चूल पेटवावी, तसा तो हात चाचपत चालला होता. जी बाई इतक्या चपळ पायांची, तिचा हात इतका बावळट कसा?

तेवढ्यात जाळीत एक कोकरू अडकलं. मानेभोवती काटेरी फांद्या, आणि ते जितकं ओढेल तितकं आवळत होतं. राहीबाई उठली, कमरेचा विळा उपसला, धावली आणि सपासप फांद्या छाटत आत शिरली. चार हात, चार फांद्या, कोकरू मोकळं. रंगनाथ बघतच राहिला. विळा डाव्या हातात होता.

कोकरू काखेत घेऊन ती वळली, त्याची नजर बघितली, आणि विळा घाईनं उजव्या हातात घेतला. उशीर झाला होता.

"कवाधरनं गं?" रंगनाथ म्हणाला.

"जलमाधरनं." ती खाली बसली. "माहेरी ह्या हाताला डाग दिला, तरी ऱ्हायला न्हाई. लगीन ठरलं तवा आई म्हनली, चारचौघांत उजव्या हातानं कर, कुनाला कळू दिऊ नको. मानसांत उजवा, रानात डावा. बारा वर्सं झाली."

"म्हंजी कोकरांची खुरं..."

"एकली आसल्यावर. उजव्यानं तासायला सांज हुती, दादा. डाव्या हातात धरली की आत घुसती."

घुसणारच. उतार उलट्या अंगाला गेला की पातं वर उचलत नाही, खोल जातं. रंगनाथानं कपाळावर हात मारून घेतला. माप उजव्या मुठीचं घेतलं, सुरी उजव्या हातानं उचलायला लावली, आणि हिला डाव्या हाताचं बोलायला जागा कुठं होती?

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. "आत्याबाई देवाचा निवद माज्याच हातनं करून घेत्यात. भाकरी मी डाव्या हातानं थापते, आडोशाला. बारा वर्सांचा निवद डाव्या हाताचा निघाला, तर मला चुलीपुढनं उठवतील. पर तुमची सुरी सुटंल माज्यापायी."

रंगनाथ उठला, धोतर झटकलं. "भंडारा मी उचल्ला, तू न्हाई. माजी जीभ लांब, त्याला तू काय करनार? कोकरं बघ."

शनिवारी त्यानं भट्टी पेटवली. ट्रकच्या पाट्याचा तुकडा काढलेला बघून मुक्ताबाई म्हणाली, "उद्या सुरी सुटायची, आन आज घडवता?"

"उद्यापास्नं घडवता यायची न्हाई, म्हनून आज."

ती घण मारत राहिली. संध्याकाळी त्यानं कानस चालवली तेव्हा ती वाकून बघायला लागली. "अवो, उतार चुकला. उलट्या अंगाला दिलाय."

"चुकला न्हाई."

"कोन हाय?"

रंगनाथानं कानस चालूच ठेवली. मुक्ताबाईनं शेजारी तासून ठेवलेल्या मुठीवरच्या तीन खाचा बघितल्या आणि तिच्या ध्यानात आलं. तिनं नाव घेतलं नाही. मुक्ताबाईनं एखादी गोष्ट बोलायची सोडणं म्हणजे चातुर्मासाच्या उपासापेक्षा अवघड व्रत.

रविवारी देवळापुढं सगळा गाव होता. कारभारी पाटील पायरीवर बसले.

"बोल रंगनाथा. खोट सापडली का?"

"सापडली, पाटील. खोट माजी हाय."

"पात्यात का मुठीत?"

"माज्यात. ज्याच्यासाठी सुरी घडवली, त्याचं काम आदी बघाया पायजे हुतं. मी निस्ती मूठ मापली. जास्ती इचारू नका. सुरी कोकराला लागली, परत आली. शपथ खरी." तो देवाकडं वळला. "आजपास्नं सुरी बंद."

लोक चुळबुळले. त्यांना वाटलं होतं लोहार भांडेल, पुरावे देईल, साळूबाईची आणि त्याची जुंपेल. बाजार फुकट गेल्यासारखी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हातारा धनगर म्हणाला, "आरं पन माजी झिजत आलीय, मंग मी काय करू?" कुणी म्हणालं, "जत्रंतला चाकू घे." म्हातारा थुंकला.

मुक्ताबाई बायकांत उभी होती. पदराचं टोक तिनं दातांत धरलं होतं, शब्द बाहेर पडू नये म्हणून.

आणि मग राहीबाई पुढं आली. चारचौघांत कधी मान वर न करणारी बाई, सरळ पाटलांसमोर.

"दादा, दुसरी काडा."

"कुठली दुसरी?" रंगनाथ म्हणाला.

"काल तुमच्या भट्टीचा धूर बघितला मी माळावरनं. आज बंद करायची, तर काल कुनासाठी घडवत हुता? काडा."

रंगनाथानं कमरेची सुरी काढली आणि खाली दगडावर ठेवली. राहीबाईनं ती उचलली. डाव्या हातानं. देवळापुढल्या लिंबाची एक फांदी घेतली आणि बसल्या बसल्या तासायला लागली. पांढऱ्या साली भराभर पडत गेल्या. बघता-बघता फांदीची गुळगुळीत काठी झाली. इतका शहाणा हात तिचा कुणीच बघितला नव्हता.

"सुरी चांगली हुती, पाटील," ती म्हणाली. "हात दुसरा हुता. मी डावरी हाय."

सगळ्या माना एकदम साळूबाईकडं वळल्या. साळूबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"माज्याकडं काय बघताय? मी काय आंधळी हाय? भाकरीवर बोटं उलट्या अंगाला उठत्यात हिची. बारा वर्सं बघतीया मी."

"आत्याबाई!" राहीबाईच्या हातातली काठी पडली. "आन तुमी बोलला न्हाईत?"

"काय बोलू? थोरल्या सुनंची भाकरी उजव्या हाताची, आन चिवट. तुजी फुगती. देवाला फुगल्याली बरी का चिवट? मीच ठरीवलं."

सगळ्यांत आधी मुक्ताबाई हसली. तिचं हसणं घणासारखंच. मग सगळा गाव हसायला लागला.

"आगं म्हातारे," पाटील म्हणाले, "तुला ठावं हुतं, मंग सुरी परत का आनली?"

"सुरीला बी उजवं-डावं आसतंय, ह्ये मला कुठं ठावं? मी काय लोहारीन हाय?"

आता प्रश्न शपथेचा. त्यावर दुपारपर्यंत वाद झाला. एक बाजू म्हणे, परत आली म्हणजे आली. दुसरी म्हणे, सुरी नापास झालीच नाही. शेवटी कारभारी पाटलांनी राहीबाईलाच विचारलं, "सुरी कुनाची?"

"माजी."

"तू परत केली?"

"मी कशाला करू? मला दोनी पायजेत. एक मानसांत, एक रानात." मग तिनं सासूकडं बघितलं. "न्हाई, एकच बास. हीच."

"मंग जिची सुरी, तिनं परत केलीच न्हाई," पाटील म्हणाले. "सासूनं उचलून आनली, त्याला देव काय करनार? सासवांचं आयकाया बसला, तर देवाला दुसरं काम हुयाचं न्हाई. रंगनाथा, भट्टी पेटव."

रंगनाथानं देवाला खोबरं-भंडारा उधळला. धोतर पुन्हा पिवळं झालं.

गंमत पुढंच झाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नाही अशी वेळ साधून, शाळेतले एलिया मास्तर भट्टीवर आले. शनिवारी-रविवारी माळावर फिरून औषधी मुळ्या गोळा करायचा त्यांना नाद होता.

"लोहारबुवा, तशी एक मला द्या," ते हसत म्हणाले. "खडू मी उजव्या हातात धरतो. बाकी सगळं डाव्यात. आमच्या वडलांनी छड्या मारून अर्धंच काम उरकलं."

मग बिरोबाचा पुजारी आला. उजव्या हातानं घंटा वाजवणारा माणूस, नारळ म्हणे आडोशाला डाव्यानं फोडायचा. मग पल्याडच्या वाडीतून एक जावई आणि त्याची मेव्हणी, वेगवेगळे आले, भट्टीवर एकमेकांना बघून दोघंही 'फाळ बघायला आलोय' म्हणाले. दिवाळीपर्यंत नऊ झाले. सहाशे वस्तीच्या गावात नऊ डावरे, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही! सगळे घरात पाव्हणा आल्यागत उजव्या हातानं जगत होते.

रंगनाथानं रीत बदलली. कुणी सुरी मागायला आला की त्याला काही विचारायचं नाही. 'कुठल्या हातानं करतोस' विचारलं की माणूस खोटं बोलतो, हे त्याला कळून चुकलं होतं. तो बोलता-बोलता खालचा एक थंड कोळसा उचलायचा आणि अचानक समोरच्याच्या अंगावर फेकायचा. झेलायला जो हात पुढं येईल, तो खरा. आणि आता सुतळी त्याच हाताला.

मार्गशीर्षात कारभारी पाटील आले. वेळ दुपारचीच. गल्लीत दोन्ही बाजूंना बघून आत शिरले, घोंगडीवर बसले, मिशीवरनं हात फिरवला.

"रंगनाथा, एक सुरी कर. मळ्यात लागती. आपली नेहमीची, उजव्या हाताची."

"व्हय की, पाटील. मूठ बाभळीचीच करू ना?" असं म्हणता-म्हणता रंगनाथानं कोळसा फेकला.

पाटलांनी झेलला. झेलला आणि मुठीत धरून तसेच बसले. रंगनाथ त्या मुठीकडं बघत होता. पाटील पण बघत होते, जणू ती मूठ दुसऱ्याच कुणाची आहे.

भात्यापाशी मुक्ताबाईनं पदर तोंडात कोंबला. त्याचा उपयोग झाला नाही.

"हसा," कारभारी पाटील म्हणाले, आणि काळा झालेला डावा हात त्यांनी रंगनाथापुढं सरकवला. "घे माप. आन त्या म्हातारीला, साळूबाईला, ह्यातलं अक्षर कळता कामा नये."

"तिला कवाच कळलंय," मुक्ताबाई म्हणाली. "तुमी तंबाखू कुठल्या हाताच्या अंगठ्यानं मळता, त्ये तिनं मला चार वर्सांपूर्वीच सांगितलंय."